न सुटलेला बाण

मी तिरंदाजी करतो असे कळले की माणसे एकच प्रश्न विचारतात, "मग कधी काही मारलंत का?" गेली पन्नासहून अधिक वर्षे या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. 'नाही' म्हणून सांगितले की विचारणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींचा चेहरा उतरतो. एवढी वर्षे हातात धनुष्य आणि साधा ससाही नाही, म्हणजे हा गृहस्थ कागदी वाघच म्हणायचा! दुसऱ्यांना हायसे वाटते, आणि ते चहाचा कप पुढे सरकवतात. परंतु गंमत अशी, की निराश होणारे आणि सुटकेचा निःश्वास टाकणारे, दोघेही मनातून एकच गोष्ट गृहीत धरून चाललेले असतात. धनुष्याचे खरे काम मारणे हे आहे. मी ते केले नाही, एवढाच काय तो त्यांच्यात आनंदाचा किंवा खेदाचा फरक.

मला त्या गृहीताचा विचार करावयाचा आहे. ज्या वस्तूवर मी जन्मभर जीव लावला, ती मुळात जीव घेण्यासाठी घडवलेली आहे. तलवारीची मूठ कितीही नक्षीदार असली तरी ती कशासाठी आहे हे आपण विसरत नाही. मग धनुष्याच्याच बाबतीत मी ते विसरावे काय?

आपल्याकडच्या मुलांचे पहिले धनुष्य दिवाळीतच जन्माला येते. आकाशकंदिलासाठी आणलेल्या कामट्यांतली एखादी उरते, तिला सुतळी बांधली जाते, आणि खराट्याच्या हिरांचे बाण होतात. मीही तेथूनच सुरुवात केली. पण माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांची बदली सातपुड्यात धडगावच्या बाजूला झाली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. तेथे मी प्रथम खरा तिरकमठा पाहिला. बांबूचे धनुष्य आणि त्याला दोरीही बांबूचीच, चिरून तासलेल्या पट्टीची. बाणाचा दांडा बोरूचा. तो ओढताना जो एक बारीक करकर आवाज होतो, तो ज्याने एकदा कानाजवळ ऐकला त्याला नंतर सतारीचे सूरही थोडे दूरचे वाटतात. ही अतिशयोक्ती झाली खरी, पण प्रेमात पडलेल्या माणसाकडून याहून कमी कशाची अपेक्षा करता?

मला शिकवणारा भिल्ल म्हातारा शिकार करून खाणारा होता. एकदा मी झाडावरच्या होल्यावर बाण लावला, तेव्हा त्याने विचारले, घरी भाकरी आहे का? मी म्हटले, आहे. त्याने काही न बोलता माझ्या धनुष्याचे टोक खाली दाबले. ही गोष्ट मी सांगितली की ऐकणाऱ्यांना तो म्हातारा ऋषी वाटू लागतो. तसा तो नव्हता. तो तितर मारून बाजाराच्या दिवशी विकीत असे, भावासाठी घासाघीस करीत असे, आणि एखाद्या दिवशी निव्वळ हौसेनेही रानात जात असे. पण आपल्या हातातली वस्तू काय करते, हे त्याला पुरते ठाऊक होते. आम्हा शहरात राहणाऱ्या तिरंदाजांना ते ठाऊक असण्याचे कारणच उरलेले नाही.

कारण पुढे सारेच बदलले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीला लगाम बसला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही जवळजवळ बंद झाली. त्याच १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी पुन्हा दाखल झाली. १९२० नंतर ती तेथून नाहीशी झाली होती. म्हणजे माझ्या कुमारवयात एका दाराने धनुष्य रानातून बाहेर पडले आणि दुसऱ्या दाराने मैदानावर आले. मी मैदानावर गेलो. सत्तर मीटरवर एकशे बावीस सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य, त्यात मधोमध सुमारे चोवीस सेंटिमीटरचे पिवळे वर्तुळ. या पिवळ्या रंगापायी माझे आयुष्य गेले म्हटले तरी चालेल. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी विश्वविजेतेपदे मिळवली. ओजसने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळात मारले, दीडशेपैकी दीडशे गुण. ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले. कोणाचे रक्त सांडले नाही, कोणाचे पिलू पोरके झाले नाही, आणि धनुर्विद्येचे शिखर दिसले. तेव्हा मला वाटले होते, की माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

पण उत्तर इतक्या सहजी मिळत नसते. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा लहानपणी सुट्टीत माझ्याकडे असे. त्याला दोरी ओढायला मी शिकवले. आज तो अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला आहे आणि दर वर्षी हेमंतात धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. माझी बहीण माळकरी आहे. तिच्या घरात कांदासुद्धा एकादशीला बाजूला ठेवला जातो. तिला हे कळले त्या दिवशी तिचा फोन आला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "नेम धरायला तू शिकवलंस. कशावर धरायचा, ते कोण शिकवणार होतं?"

भाच्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्ही रविवारी मटण आणता. त्या बोकडाचं तोंड तुम्ही कधी पाहिलंय का? मी वर्षाला एक हरीण मारतो. ते मी पाहिलेलं असतं. वर्षभर तेच खातो." त्या हरणाचा रस्सा तो कांदा-खोबऱ्याच्या वाटणात करतो, हेही त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. ताईला ते मी अजून सांगितलेले नाही.

आता या वादात माझी जागा कोठे? ताई मांसाहार करीत नाही. तिच्या बोलण्याला आचरणाचा आधार आहे. भाचा मारतो आणि खातो. त्याच्याही बोलण्याला आधार आहे. मधल्यामध्ये मीच असा, की जो मटण खातो आणि बाणाने प्राणी मारणे क्रूर म्हणतो. पण माणसाची जागा अडचणीची आहे म्हणून त्याने विचारच करू नये असे थोडेच आहे? उलट अडचणीत सापडलेल्या माणसाचाच विचार थोडा खोल जातो.

धनुष्याने शिकार करणाऱ्यांची बाजू मी आधी त्यांच्याच शब्दांत मांडतो. ते म्हणतात, बंदूकवाला तीनशे पावलांवरून घोडा दाबतो. आम्हांला वीस-पंचवीस पावलांवर जावे लागते. वारा कोणत्या दिशेचा आहे, पाचोळा कोठे वाजेल, हरणी कान कोठे वळवते आहे, हे सारे जाणल्याशिवाय तेथवर पोहोचता येत नाही. दहा दिवस रानात काढून नऊ दिवस रिकाम्या हाताने परतावे लागते. म्हणून ही झुंज न्याय्य. शिवाय त्या देशात लांडगे माणसाने संपवले, हरणे वाढली, कोवळी झाडे त्यांच्या तोंडून वाचत नाहीत. आणि शहरांच्या कडेला, जेथे बंदूक चालवता येत नाही, तेथे नगरपालिका स्वतः होऊन धनुर्धारींना बोलावतात. आणखी एक गोष्ट मला त्यांच्याबद्दल आदराने सांगितली पाहिजे. शिकारीच्या बंदुकांवरच्या कराचा पैसा तेथे १९३७ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे वळवला गेला. धनुष्यबाणांचा समावेश त्यात नंतर झाला. कोणत्या साली, तर १९७२! ज्या वर्षी आपण शिकाऱ्याला रानाबाहेर काढायला लागलो, त्याच वर्षी त्यांनी धनुर्धारी शिकाऱ्याला रानाचा खर्च वाटून घ्यायला लावले.

हे सारे ऐकायला ठीक आहे. पण 'न्याय्य झुंज' या शब्दापाशी मी अडखळतो. झुंज दोघांत ठरते. हरणाला कोणी विचारले होते? शिकाऱ्याने स्वतःवर घातलेली बंधने हा शिकाऱ्याचा गौरव आहे. हरणाला त्यात मिळते ती निसटण्याची थोडी अधिक संधी, आणि त्या संधीचे मोलही तेच भरते. बंदुकीची गोळी आघाताने पाडते. बाण तसे करीत नाही. बाणाचे धारदार पाते आतून कापत जाते आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. बाण फुप्फुसांतून गेला तर काही सेकंदांत. पोटात गेला तर तासांनी. म्हणून तेथले जाणते शिकारी बाण लागल्यावर लगेच मागे धावत नाहीत. अर्धा तास, कधी कित्येक तास झाडावर बसून राहतात, म्हणजे जखमी जनावर घाबरून दूर जाणार नाही. त्या अर्ध्या तासाचा विचार माझ्या मनातून जात नाही. याच कारणाने इंग्लंडने १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्यप्राणी मारायला मनाई केली. एकच भाषा बोलणारे दोन देश, आणि एकाला जे क्रीडेचे भूषण वाटते तेच दुसऱ्याला क्रौर्य वाटते.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. मनूने कामातून उपजणारी दहा व्यसने मोजली, त्यांत पहिले नाव मृगयेचे. कौटिल्य मात्र तिची बाजू घेतो : शिकारीने व्यायाम होतो, मेद आणि कफ झडतात, हलत्या-न हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांच्या रागाची नि भीतीची पारख होते. कालिदासाने हेच सारे शाकुंतलात सेनापतीच्या तोंडी घातले आहे. आणि मौज अशी की सेनापती ही स्तुती करतो तेव्हा राजाचे मन शिकारीवरून आधीच उडालेले असते. पांडू आणि मृगरूपातल्या ऋषीची कथा आणखी बारीक आहे. तो मरणारा मृग पांडूला असे म्हणत नाही, की तू मृग का मारलेस? त्याची तक्रार वेळेबद्दल आहे. मी मैथुनात असताना तू थांबायला हवे होतेस. विणीच्या काळात शिकार बंद ठेवणारे आजचे सारे कायदे त्या एका तक्रारीत सामावलेले मला दिसतात.

आणि मग अर्जुन. द्रोणाने झाडावर ठेवलेला पक्षी शिल्पकारांनी केलेला कृत्रिम होता. म्हणजे मैदानी तिरंदाजी तशी जुनीच म्हणायची. आपण मुलांना सांगतो की अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसला. महाभारतात पोपट नाही, डोळाही नाही. भास पक्षी आहे आणि त्याचे डोके आहे. पण मुद्दा तोच. झाड दिसत नाही, गुरू दिसत नाहीत, पक्ष्याचे अंगही दिसत नाही, फक्त डोके दिसते. आपल्या सगळ्या शाळांतून, बक्षीस समारंभांच्या भाषणांतून ही गोष्ट एकाग्रतेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. मीही ती शेकडो मुलांना सांगत आलो. मैदानावर ती खरी आहे. कागदाला अंग नसते. परंतु समोर जिवंत पक्षी असता तर? ज्याला पक्ष्याचे अंग दिसत नाही, त्याला मागून चोच वासून बसलेली पिले कशी दिसणार? दशरथाचे तर याही पुढे गेले होते. त्याला बघण्याचीही गरज नव्हती, नुसता आवाज पुरे होता. शरयूच्या काठी अंधारात घडा भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. आपण ज्याला श्रावणबाळ म्हणतो, त्या मुलाला वाल्मीकीने नावही दिलेले नाही. ते मला फार अर्थपूर्ण वाटते. शब्दवेधी कसब इतके परिपूर्ण होते, की समोर कोण आहे हे विचारण्याची जागाच त्यात उरली नव्हती.

एकाग्रता हा सद्गुण आहे असे आपण धरून चालतो. ती एक शक्ती आहे, एवढेच म्हणता येईल. धनुष्य ओढताना 'मी' कसा विरघळतो यावर अत्यंत सुंदर पुस्तक लिहिणारा जर्मन प्राध्यापक ऑयगेन हेरिगेल जपानमध्ये आवा केन्झो या गुरूकडे वर्षानुवर्षे शिकला, आणि मायदेशी परतल्यावर १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. बाण नीट सुटला म्हणजे माणूस नीट झाला, असे नाही.

अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचे जे पुनरुज्जीवन झाले त्याची कथा तर मला रात्री झोपू देत नाही. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेला, एकटा माणूस सापडला. याही जमातीचा तो शेवटचा. त्याच्या लोकांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी बंदुकांनी टिपून संपवले होते आणि उरलेली मूठभर माणसे कित्येक दशके डोंगरात लपून राहिली होती. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. त्याला इशी म्हणू लागले; त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस' एवढाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहिला आणि सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य करायला व चालवायला शिकला. शिकारीला निघण्यापूर्वी इशी उपाशी राही, तंबाखू ओढीत नसे, अंग धुई. त्याचे धनुष्य कोणी ओलांडलेले त्याला चालत नसे. दसऱ्याला हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोपने पुढे अस्वले मारली, आफ्रिकेत सिंहांवर बाण टाकले, आणि १९२३ मध्ये लिहिलेल्या त्याच्या पुस्तकाने हजारो अमेरिकनांच्या हाती धनुष्य दिले. इशीकडून त्यांनी नेम घेतला. उपास किती जणांनी घेतला कोण जाणे! ज्याची स्वतःची शिकार झाली, त्याच्याकडून ही विद्या हौसेकडे गेली, यात मला जे टोचते त्याला नेमका शब्द सापडत नाही.

गेल्या नोव्हेंबरात भाच्याने फोनवर जे सांगितले ते मात्र मला अनपेक्षित होते. पहाटेपासून तो झाडावर बसला होता. हरणी आली, बावीस पावलांवर उभी राहिली, त्याने दोरी ओढली. तेवढ्यात मागच्या झुडपातून तिचे पाडस बाहेर आले. त्या दिवसांत तेथली पाडसे आईवाचून जगण्याइतकी मोठी झालेली असतात, कायद्याची आडकाठी नव्हती. तो थांबला. अर्धे मिनिट, कदाचित अधिकही. मग त्याने दोरी हळूहळू परत आणली आणि बाण भात्यात ठेवला.

हे वाचणाऱ्यांत धनुर्धारी थोडेच असतील, म्हणून सांगतो. ओढलेली दोरी बाण न सोडता परत आणणे हे या विद्येतले सर्वांत कठीण काम आहे. हात थरथरतात, पाठीचे स्नायू 'सोड, सोड' म्हणून ओरडत असतात. माझ्या तिरकमठ्याने तर दोन-तीन सेकंदांपलीकडे विचार करायला सवडच दिली नसती. भाच्याचे धनुष्य कप्प्यांचे आहे, ज्याला 'कंपाउंड' म्हणतात. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने ते काढले, १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि त्याला ते शिकारीसाठीच हवे होते. त्यात दोरी पूर्ण ओढली की कप्प्यांच्या रचनेमुळे बहुतेक भार उतरतो आणि माणूस बराच वेळ तसाच उभा राहू शकतो. आम्ही जुन्या वळणाचे लोक या यंत्राला नाके मुरडतो. हे कसले धनुष्य, ही तर सायकल, असे मी स्वतः म्हणत आलो. बांबूचे धनुष्य अधिक शुद्ध, अधिक न्याय्य, असे सारे शुद्धतावादी मानतात. आणि त्या सायकलीनेच माझ्या भाच्याला अर्धे मिनिट दिले. त्या अर्ध्या मिनिटात त्याला हरणीचे अंग दिसले, मागचे झुडूप दिसले, झुडपातून काय येते आहे ते दिसले.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंतही चढवलेला बाण उतरवतो, पण त्याला आश्रमातल्या तपस्व्याने हटकावे लागते. विस्कॉन्सिनच्या त्या रानात हटकणारे कोणी नव्हते.

याने भाच्याची शिकार योग्य ठरली असे मी म्हणत नाही. चार दिवसांनी त्याने एक नर मारला, हे त्याने त्याच दमात सांगितले, लपवले नाही. पाडसाला वाचवणारा आणि नराला मारणारा हात एकच. ताई विचारते, की मग उपयोग काय झाला? मला तिचे उत्तर देता येत नाही. पण त्या म्हाताऱ्याने माझ्या धनुष्याचे टोक दाबले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तितर मारले, तेव्हाही माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तरीही ते दाबणे मला खोटे वाटले नव्हते.

मैदानावर मुले शिकायला येतात, त्यांना मी आता एक नवा धडा देतो. दहा बाणांतला एक ओढायचा, नेम धरायचा, आणि सोडायचा नाही. मुले कंटाळतात. एका मुलाच्या वडिलांनी येऊन विचारले, की सर, स्पर्धेत याला गुण किती? मी म्हटले, एकही नाही.

येत्या हंगामात भाच्याने मला बोलावले आहे. मी जाणार आहे, धनुष्य न घेता. त्याच्याबरोबर झाडावर बसायचे आणि बघायचे, एवढेच ठरले आहे. गुडघे चढू देतील की नाही याचीच काळजी आहे. ताईने त्याच्यासाठी चकल्या आणि अनारसे बांधून द्यायचे कबूल केले आहे. डबा देताना ती काय निरोप देते, ते अजून कळायचे आहे.